न पोळणारा हात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून बरबटीच्या शेंगा मोडत होतो. ते म्हणाले, "यंदाचा विषय मानवतावाद. विज्ञान, मानसशास्त्र, नीती आणि धर्म, अशा सगळ्या अंगांनी. तुम्ही लिहा." मी म्हटलं, अहो, मी आयुष्यभर लोकांच्या अंगावरचे चट्टे पाहिले. त्या वादाबद्दल माझं एकच भाषण ऐकून झालं आहे, आणि त्याही वेळी मला झोप लागली होती. ते हसले आणि म्हणाले, "मग झोपेत जे ऐकलं ते लिहा." संपादक लोकांना नाही म्हणता येत नाही. बायको म्हणाली, शेंगा मी मोडते, तुम्ही बसा लिहायला.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. नोकरीची बहुतेक वर्षं वर्धा जिल्ह्यात, सायकलवर आणि एस.टी.च्या मागच्या बाकावर गेली. काम सांगायला सोपं आहे. गावात जायचं, घरोघरी हिंडायचं आणि प्रत्येक माणसाची कातडी दिवसाच्या उजेडात नीट पाहायची. कुठे फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि पिसाने हळूच स्पर्श करायचा. स्पर्श झाला तिथे त्याने बोट ठेवायचं. गालावर, दंडावर बरोबर बोट ठेवणारा माणूस चट्ट्यावर पीस फिरवलं की गप्प बसून राहतो. मग आपण ओळखायचं. त्यानंतर कोपराच्या मागची नस चाचपायची. या रोगाचा जंतू नसांमध्ये घर करतो, नस जाड होते आणि तिच्या ताब्यातला भाग मुका होतो. दुखत नाही, हाच या रोगाचा कावा आहे. दुखलं तर माणूस दवाखान्यात धावतो. पण "डॉक्टर, मला इथे अजिबात दुखत नाही हो" अशी तक्रार घेऊन कोण येणार? म्हणून आम्हालाच लोकांच्या दारी जावं लागायचं.

ते भाषण प्रशिक्षणाच्या वेळी झालं. दुपारचं जेवण झालेलं, त्यात वांग्याची भाजी आणि वडाभात. एक विद्वान गृहस्थ सांगत होते की माणूस हा केंद्रस्थानी असला पाहिजे, बुद्धी हा त्याचा दिवा आणि करुणा ही त्याची नीती. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

केंद्रस्थानी असलेला माणूस पुढे प्रत्यक्षात मला पाहून पळून जाताना दिसला. नसबंदीच्या मोहिमेचे ते दिवस होते, करून घेणाऱ्याला तुपाचा डबा मिळायचा. खाकी पिशवी घेतलेला, सायकलवरून आलेला सरकारी माणूस म्हणजे काय, हे सगळ्या जिल्ह्याला पाठ झालं होतं. मी गावाच्या शिवेवर दिसलो की बाप्ये तुरीच्या वावरात शिरायचे. मी बांधावर उभा राहून ओरडायचो, "अहो, मी चट्टेवाला आहे, तो नाही!" तुरीतून आवाज यायचा, "सगळे असेच म्हनते!" एका गावात तर एक म्हातारा स्वतःहून पुढे आला, पिशवीकडे टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, "करून टाका जी. पन तुपाचा डबा आधी दाखवा." त्याला मी पिसं दाखवली. तो इतका निराश झाला की मलाच वाईट वाटलं.

कारंजाच्या एका ढाब्याच्या मालकाची वेगळी तऱ्हा. त्याने आपल्या सगळ्या आचाऱ्यांना माझ्यासमोर रांगेत उभं केलं, तपासणी करून घेतली आणि मग म्हणाला, "आता एक पाटी लिहून द्या. इथल्या आचाऱ्याले महारोग नाई. खाली तुमची सही. हायवेवर लावतो." मी म्हटलं, असं लिहीत नाहीत. तो म्हणाला, "मंग तपासलं काऊन?" त्याचंही एका अर्थी बरोबर होतं. ट्रकवाल्यांनी पाटी वाचून गाडी थांबवली असती की जोरात पळवली असती, हे मी त्याला विचारलं, तेव्हा तो विचारात पडला आणि मला फुकट चहा पाजला.

आमच्या कामाची एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. बाजारात, लग्नात, बसमध्ये पेशंट भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच दाखवायची. "हे तुम्हाला कसे ओळखतात?" असा एक प्रश्न त्याच्या सोबतच्या माणसाने विचारला की त्याचं घर हललंच म्हणून समजा. पवनारच्या बसमध्ये एकदा एक बाई माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. वर्षभर दर महिन्याला मी त्यांना गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या अंगणात ताक प्यायलो होतो. वर्धा येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर पाहत राहिलो. माझ्या बायकोचं तर लग्नानंतर बरीच वर्षं ठाम मत होतं की हा माणूस घमेंडी आहे, रस्त्यात कोणाशी धड बोलत नाही.

याच रीतीमुळे पुढच्या गोष्टीतल्या गावाचं नाव सांगत नाही. आंजीहून सायकल मारत पुढे गेलं की लागतं, एवढं पुरे. शेषराव हेही त्या माणसाचं खरं नाव नाही. वच्छलावहिनी आणि शंकरशेठ ही नावंही मीच ठेवली आहेत. बाकी सगळं खरं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी सर्वेक्षणासाठी त्या गावात पोचलो तेव्हा देवीचे घट बसलेले होते. पहिली सलामी नेहमी किराणा दुकानात द्यायची, कारण गावात कोण कुठे आहे हे दुकानदाराइतकं कोणाला ठाऊक नसतं. शंकरशेठ नवरात्र मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांनी मला पोत्यावर बसवलं आणि कापराचा एक भलामोठा डबा दाखवला.

"यंदा ओंजळभर पेटवनार हावो आमी," ते म्हणाले. "मागल्या साली चिमूटभर होता."

त्या गावची पद्धत अशी, की अष्टमीला संध्याकाळी मंडळाचा एक माणूस तळहातावर कापूर पेटवून देवीची आरती करतो. चटका बसला की कापूर या हातावरून त्या हातावर झेलायचा, उड्या मारायच्या, लोकांनी हसायचं. वर्षानुवर्षं असाच गमतीचा प्रकार चालला होता. आदल्या वर्षी पाळी शेषरावांची आली. कापूर पेटला आणि शेषराव हललेच नाहीत. पूर्ण विझेपर्यंत हात देवीपुढे धरून उभे राहिले. गाव आधी गप्प झालं, मग त्यांच्या पाया पडलं. तेव्हापासून तो 'देवीचा हात' झाला. आजारी वासरावर, रडक्या लेकरावर तो हात ठेवायला आसपासच्या गावांतून माणसं येऊ लागली.

मी सहज विचारलं, "म्हणजे हात पोळलाच नाही?"

"पोयला नं! हे मोठे फोड आलते," शंकरशेठ उत्साहाने म्हणाले. "पन दुखलं नाई बिलकुल. हयद लावली अन् दुसऱ्या रोजी मानूस वखर घेऊन वावरात!"

फोड आले पण दुखलं नाही. हे वाक्य ऐकलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचे कान टवकारतात. माझा चहा अर्धाच राहिला.

शेषराव चाळिशीचे, उंच, मऊ बोलण्याचे गृहस्थ. कपाशी आणि तूर करायचे. मला त्यांच्यात बुवाबाजी औषधालाही दिसली नाही. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि मी हात मागितला तेव्हा लाजत पुढे केला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसलं होतं. करंगळी किंचित वाकली होती. कोपरामागची नस सुतळीसारखी हाताला लागत होती.

मी विचारलं, "कापूर हातावर नेमका कुठे घेतला होता, भाऊ?"

"हे इथं, करंगयीच्या अंगानं," ते सरळपणाने म्हणाले. "मधात घेतला तं चटका लागते जी."

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. पीस फिरवलं. तळहाताच्या मध्यावर, अंगठ्यावर ते बरोबर बोट ठेवत होते. करंगळीच्या बाजूला मी पीस फिरवलं, कापूस फिरवला, शेवटी पेनचं टोक टेकवलं. ते डोळे मिटून शांतपणे पुढच्या स्पर्शाची वाट पाहत होते.

मी त्यांना सांगितलं. शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, आता औषध आहे, पूर्ण बरं होतं, हेही सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला.

"देवीनं देल्लं, अन् तुमी त्याले रोग म्हनता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त अवघडल्यासारखं झालं. "चहा घेऊन जा, साहेब. मंग निघा."

चहा घेऊन मी निघालो. कुंपणापाशी वच्छलावहिनी, म्हणजे शेषरावांची बायको, मागून आल्या. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय जी. पयल्या दिवसापासून माहीत हाय. माह्या मामाले होता हा रोग. नाल्याच्या कडेले खोपडीत राहे. मी लहान असतानी भाकर घेऊन जाओ अन् गोट्यावर ठेवून पयत येओ." मग म्हणाल्या, "देवीचं म्हटलं का लोक पाया पडते. रोग म्हटला का तेच लोक गोटे मारते. तुमीच सांगा, मी काय म्हनू?"

सायकल हातात धरून बराच वेळ पायीच चालत राहिलो. हाताला काय झालं आहे ते विज्ञानाने मला अचूक सांगितलं होतं. त्या हाताच्या माणसाला ते कळूनही का कळून घ्यायचं नव्हतं, ते त्या बाईने सांगितलं. आणि अष्टमी चार दिवसांवर आली होती. ओंजळभर कापूर त्या मुक्या हातावर पेटला असता तर फोडांवर भागलं नसतं. जखम हाडापर्यंत गेली असती आणि शेतकऱ्याचा उजवा हात कायमचा वाया गेला असता.

मी तेव्हा तिशीच्या आतला, अंगात खुमखुमी भरपूर. आमचे पर्यवेक्षक देवतळे साहेब यांच्याकडे जाऊन मी जाहीर केलं की भर मंडपात उभा राहून या चमत्काराचा पर्दाफाश करतो. साहेब पान लावत होते. ते म्हणाले, "जरूर कर. टाळ्या पडतील. मग शेषराव गावाबाहेर खोपडीत जाईल आणि उरलेले रुग्ण तुझी सायकल दिसली की घराला कडी लावतील. अरे, तुला गाव जिंकायचं आहे की हात वाचवायचा आहे?" मी म्हटलं, हात. "मग डोकं चालव," ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

डोकं चालवलं ते असं. दुसऱ्या दिवशी मी वच्छलावहिनींना गाठलं आणि आम्ही दोघांनी मिळून एक स्वप्न रचलं. शेषरावांनी अष्टमीला लोकांना सांगायचं की देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, आता अग्नी पुरे, यापुढे माझी आरती फुलांनी कर. कोणाची इज्जत जात नाही, हात वाचतो आणि औषध गुपचूप सुरू होतं. मला ही युक्ती फारच पसंत पडली. देवीचं भाषण मीच तयार केलं. "हे भक्ता, तुझी परीक्षा पूर्ण झाली आहे" असं त्यात होतं.

वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आमची देवी अशी पुस्तकी बोलत नाई जी. ती म्हनन, काऊन बे, हात जायून घेतं का?"

मी मुकाट्याने देवीची भाषा सुधारली. विज्ञानाचा पगारी माणूस स्वप्नाची संहिता तयार करत होता आणि देवभोळी म्हणवणारी बाई त्यातल्या चुका काढत होती. त्या वेळी यात काही विपरीत आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. शेषरावांनी सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

अष्टमीच्या संध्याकाळी मी मंडपात खांबाला टेकून उभा होतो. पेट्रोमॅक्स पेटल्या होत्या, डफ वाजत होता, शेजारच्या गावांहून बैलबंड्या भरून माणसं आली होती. शंकरशेठनी चांदीच्या वाटीत कापराचा ढीग रचून आणला. शेषराव आंघोळ करून, धोतर नेसून पुढे आले. डफ थांबला. शंकरशेठनी वाटी पुढे केली आणि शेषरावांनी ती घेऊन देवीपुढे खाली ठेवली. मी मनात म्हटलं, आता स्वप्न.

शेषराव देवीकडे पाहत राहिले. मग लोकांकडे वळले.

"मले एक सपन सांगाले लावलं होतं," ते म्हणाले. "घरच्यांनी भल्यासाठीच सांगतलं. पन मी हिच्यासमोर उभा हावो. हिच्यासमोर हिचंच नाव घेऊन खोटं कसं बोलू?" त्यांनी उजवा हात वर धरला. "माह्या हाताले रोग हाय. म्हनून पोयत नाई. मागल्या साली बी तेच होतं. मले तवा माहीत नोहतं, आता माहीत हाय. तुमी ज्याच्या पाया पडले, तो देवीचा हात नोहता. रोगी मानसाचा होता."

डफाच्या चामड्यावर किडे आपटत होते, त्याचासुद्धा आवाज ऐकू येत होता. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपलं लेकरू ओढून जवळ घेतलं. तिच्यामागची माणसं एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक. शेषरावांभोवतीची जागा मोठी होत गेली आणि ते तिथे मधोमध हात वर धरून उभे. पुढे जाऊन काहीतरी बोलायला हवं हे कळत होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूने वच्छलावहिनी उठल्या आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काऊन मांगं सरता?" त्या कडाडल्या. "साल झालं, याच पायावर डोकं ठेवून राह्यले ना तुमी? याच हातचा परसाद खाल्ला ना? याच हाताखाली लेकरं देल्ले ना? तवा काई झालं नाई, अन् आता उभं राह्यल्यानं होते का?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. आणि त्या शांततेत शंकरशेठ मोठ्याने ओरडले, "अबे पन मी तं पाय धुऊन तीर्थ पेलो ना!"

मागून एक म्हातारी खुदकन हसली. मग दुसरी. मग हसू मंडपभर पसरत गेलं. शंकरशेठ मात्र घामाघूम होऊन गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे आले आणि त्यांनी माझा दंड धरला. "डाक्टर, मले आत्ताच्या आत्ता तपासा!"

माझी जीभ एकदाची सुटली. मी सांगितलं, हा रोग पापाने होत नाही, शापाने होत नाही, एका जंतूने होतो. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद असते, त्यांना तो होतच नाही. ज्याला झाला त्याने औषध सुरू केलं की त्याच्यापासून कोणाला धोका राहत नाही. शंकरशेठना यातलं काही ऐकायचं नव्हतं. ते सदरा काढायला लागले. मी म्हटलं, "शेठजी, चट्टा दिव्याच्या उजेडात दिसत नाही. उद्या सकाळी."

"मंग सकायपर्यंत मी काय करू?"

"आरती करा," शेषराव म्हणाले. आणि त्यांनी साधं निरांजनाचं ताट उचलून शंकरशेठच्या हातात दिलं. शंकरशेठनी क्षणभर त्या ताटाकडे पाहिलं, मग घेतलं. काही माणसं आरतीआधीच बंड्या जुंपून निघून गेली, हे लपवत नाही. पण बरीच थांबली.

सकाळी मी देवळापाशी आलो तेव्हा रांग लागलेली होती. वर्षभरात ज्यांनी ज्यांनी पायावर डोकं ठेवलं होतं, ते सगळे म्हणजे सगळं गावच आलं होतं. जे मला पाहून एके काळी तुरीत पळायचे ते आज धक्काबुक्की करून पुढे घुसत होते. पहिला नंबर अर्थातच अध्यक्षांचा. शंकरशेठना गुदगुल्या फार. मी पीस उचललं की ते डोळे मिटून "इथं! इथं!" करत ओरडायचे, स्पर्श व्हायच्या आधीच. तुम्हाला काही नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली आणि लगेच रांग सांभाळायला उभे राहिले. बायकांच्या वेळी वच्छलावहिनींनी पडदा लावला आणि स्वतः शेजारी बसल्या. दुपारपर्यंत मला काही नवे रुग्ण सापडले, अगदी सुरुवातीचे, एकाचंही बोट वाकलेलं नव्हतं. कोण ते अर्थातच सांगत नाही. इतकं नीट सर्वेक्षण मला पुन्हा कधी करायला मिळालं नाही. साहेबांनी अहवाल वाचून विचारलं, हे जमलं कसं? मी म्हटलं, देवीची कृपा. ते पान चघळत कितीतरी वेळ हसत होते.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. चहाच्या हॉटेलात शेषरावांची कपबशी वेगळी ठेवली जाऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ठेवली गेली. त्यांच्या मोठ्या भावाने त्यांच्याकडे पाणी प्यायचं सोडलं ते सोडलंच. तो तर शिकलेला माणूस. मला त्याचा अजून राग येतो.

औषध सुरू झालं. जिल्ह्यात तेव्हा नवीन औषध आलं होतं. त्यातल्या एका गोळीने लघवी लाल होते. हे आधी सांगून ठेवावं लागायचं, नाहीतर माणूस घाबरून अर्ध्यात औषध सोडायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नसेच्या सुजेसाठी वेगळ्या गोळ्या दिल्या, हाताला झोळी बांधली, तेल लावून बोटांचे व्यायाम शिकवले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जंतू नक्की मरतील, पण नस परत जागी होईलच असं सांगता येत नाही. काही होतात, काही होत नाहीत.

दर महिन्याला मी जायचो. गोळ्या माझ्यासमोर घेतल्या की शेषराव आपण होऊन डोळे मिटायचे आणि हात पुढे करायचे. मी करंगळीच्या बाजूने पीस फिरवायचो. ते वाट पाहत बसायचे. मग डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि त्यांना कळायचं. पावसाळा उतरेपर्यंत असंच चाललं. पुन्हा नवरात्र आलं, आरती दुसऱ्याने केली, शेषराव मागे बसून टाळ्या वाजवत होते. त्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.

"भाऊ, खरं बोललो म्हनून देवीचा हात गेला. त्याचं काई नाई. पन हा माहा हात बी परत आला नाई तं?"

मी म्हटलं, खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. ते मान हलवून म्हणाले, "हे बरं केलं. तुमी बी सपन सांगतलं नाई." आणि मला सोडायला कुंपणापर्यंत आले. त्या दिवशी सायकल फार जड चालली.

औषधाचा कोर्स संपला होता, तरी मी जात होतो. हिवाळ्यातली सकाळ होती, अंगणात ऊन पसरलेलं. वच्छलावहिनींनी चहा आणला. त्यांच्याकडे काठोकाठ भरलेल्या पितळी पेल्यातून चहा द्यायची पद्धत. शेषराव मला कपाशीच्या बोंडअळीबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होते, बोलता बोलता उजव्या हाताने पेला उचलला आणि तो कलंडला.

"आयोव!" शेषराव ओरडले आणि हात झटकत उभे राहिले.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. शेषराव हात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे पाहत होते. चहा सांडला होता तो करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ, एरवी पीस कळत नसे त्याच मुक्या जागी. कातडी लाल झाली होती. त्यांनी डाव्या हाताने ती जागा दाबली, पुन्हा कळवळले आणि मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं ते आवरेचना.

"भाऊ, पोयलं!" ते मला म्हणाले. "आगीवानी पोयलं नं मले!"

माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत. वहिनी तांब्या हातात घेऊन तशाच थिजल्या होत्या. एवढ्या साऱ्या प्रकरणात ज्या बाईच्या डोळ्यांत मी एकदाही पाणी पाहिलं नव्हतं, ती आता घळाघळा रडत होती आणि रडता रडता नवऱ्यावर खेकसत होती, "हात पोयला अन् हासून काय राह्यले जी? येडे झाले का? आना तो हात इकडं, पानी टाकू द्या!"

शेषरावांनी हात पुढे केला, पण तांब्यातलं पाणी टाकू दिलं नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि करंगळी ताठ करायचा प्रयत्न करत म्हणाले, "पानी राहू दे वं. किटलीत चहा उरला असन तं आन. थोडा इथं बी टाकून पाह्य."